वीस पावलांची तार

आमच्या खिडकीपासून दौलतकाकांच्या ओसरीपर्यंत मोजून वीस पावलं होती. तार किती आणायची हे ठरवायला मीच मोजली होती, म्हणून पक्कं आठवतं. आमची खिडकी, मग गल्ली, गल्लीत नळाचा चौथरा आणि पलीकडे काकांचं घर. एवढ्याशा अंतरासाठी दोन मशिनी आणि एक तार लागावी, हे आज कोणाला सांगितलं तर लोक हसतील. हसू दे. मी स्वतःही त्या गोष्टीवर बरेच दिवस हसून पाहिलं, पण जमलं नाही. आयुष्यात मी पुढे पुष्कळ यंत्रं जुळवली, त्यातली काही चांगली चाललीही. पण विद्यार्थिनी असताना जुळवलेलं ते पहिलं यंत्र आणि त्यात मी केलेला शहाणपणा एकदाचा लिहून काढल्याशिवाय सुटका नाही, असं आता वाटायला लागलं आहे.

दौलतकाका संत्र्यांच्या बाजारात बोली लावायचे. ढिगापाशी उभं राहून भाव पुकारायचा, चढवत न्यायचा आणि शेवटी माल कोणाच्या तरी पदरात टाकायचा, हे त्यांचं काम. पोट सगळं आवाजावर, आणि आवाज तरी कसा! संध्याकाळी घरी येऊन पाय धुतले की ओसरीतून हाक यायची, "मास्तर ओ! पट मांडला गा, ये!" ती हाक आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांनासुद्धा ऐकू जात असेल. मास्तर म्हणजे माझे बाबा. शाळेत गणित शिकवायचे. गल्लीत सगळे त्यांना मास्तरच म्हणत, आई रागावली की तीही मास्तर म्हणायची. हाक आली की बाबा हातातले तपासायचे पेपर तसेच ठेवून, चपलासुद्धा न घालता, ती वीस पावलं चालून जात. मग बुद्धिबळ सुरू. बाबा गप्प राहून खेळणारे आणि काका प्रत्येक सोंगटीचा लिलाव करणारे. "हा उंट पाह्य मास्तर, कसा ताजा माल आहे! बोल, काय देतं याचं?" बाबा हरले की आई म्हणायची, त्यानं तुम्हाला बोलून बोलून हरवलं. पाटवड्यांचा रस्सा केला की एक वाटी न विचारता काकांकडे जायची आणि काकूंकडून ती वाटी कधी रिकामी परत यायची नाही.

बाबांना एकच व्यसन होतं, खर्ऱ्याचं. नागपूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते: सुपारी अडकित्त्यानं बारीक कातरायची, त्यात तंबाखू आणि चुना घालायचा आणि प्लास्टिकच्या पन्नीवर घेऊन तळहातानं घोटत बसायचं. बाबा पटासमोर बसून, पुढच्या खेळीचा विचार करत, तास तास घोटत. काका त्याला हात लावत नसत. मी पाचवीत की सहावीत होते, काकांच्या ओसरीत पाढे लिहीत बसले होते, तेव्हाचं मला स्वच्छ आठवतं. बाबांनी पन्नी पुढे केली. काका म्हणाले, "नको गा मास्तर, आवाजाचा धंदा आहे आपला." बाबा हसले. "अरे घे गा. चिमूटभरानं काय होते?" तिसऱ्यांदा म्हटल्यावर काकांनी घेतली. आधी खोकले, मग दोघंही पोट धरून हसले. मीही हसले. त्या हसण्याबद्दल मला आजही स्वतःचा राग येतो, पण लहान मुलाला काय कळतं म्हणा.

पुढे काकांना त्याची सवय बाबांपेक्षा जास्त लागली. बोली लावताना गालात तोबरा, घरी आल्यावर तोबरा. मी इंजिनिअरिंगला गेले त्या वर्षी त्यांच्या तोंडात फोड आली. ती बरी होईना. मग दवाखाना, मग ऑपरेशन. अर्धा जबडा आणि जिभेचा बराच भाग काढला. काका घरी आले ते चेहऱ्याभोवती दुपट्टा गुंडाळून. सुरुवातीला बोलायचा प्रयत्न करत. घशातून नुसता ओला, घोगरा आवाज निघायचा, तो काकूंनाही कळत नसे. नळावरची पोरं त्या आवाजाची नक्कल करायची. काकांनी ते एकदा ऐकलं आणि त्या दिवसापासून तोंडातून आवाजच काढला नाही. काकूंनी आणून दिलेली लिहायची पाटी त्यांनी बाजूला सारली. खिडकीपाशी खुर्ची टाकून दिवसभर बसून राहायचे. आमच्याकडे फोडणी पडली की त्यांची मान आमच्या बाजूला वळायची. आई ते बघायची आणि डोळे पुसत म्हणायची, मिरचीचा ठसका आहे. रश्श्याची वाटी बंद झाली. आता ती डाळीचं पाणी गाळून पाठवायची.

आणि बाबा जाईनात. ऑपरेशन झालं त्या दिवशी त्यांनी पन्नी, तंबाखूचा डबा, चुन्याची डबी सगळं उकिरड्यावर टाकलं. अडकित्ता तेवढा फडताळात राहिला, कारण तो पितळी होता आणि आजोबांचा होता. दवाखान्यात ते एकदा गेले आणि वॉर्डाच्या दारातून परत आले. घरी आल्यावर काका समोर वीस पावलांवर बसलेले, तरी नाही. गल्लीतून जाताना नळाच्या पलीकडून वळसा घालून जायचे. एका संध्याकाळी आईनं त्यांना विचारलंच. "एक डाव जाऊन बोलून टाका नं. खाईल का तो तुम्हाले?"

"काय बोलू?" बाबा म्हणाले. "माझ्याच हातानं दिला म्हणू? म्या खाल्ला तं काही नाही झालं अन् तुह्या नरड्यावर सुरी फिरली, असं म्हणू?"

"तसंच म्हणा."

बाबा उठून गेले. पण त्या संध्याकाळनंतर आम्हाला तिघांनाही माहीत होतं की काहीतरी बोलायचं राहिलं आहे आणि ते बाबांनाच बोलायचं आहे. घरात ते रोज आमच्याबरोबर जेवायला बसायचं.

आता मशिनीचं सांगते. कॉलेजच्या प्रयोगशाळेनं दोन जुने कॉम्प्युटर मोडीत काढले होते. कॉम्प्युटर म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर येतो तसला नव्हे. एक हिरवी पाटी, तिच्यावर चिपा, एक ठोकळ्यासारखा कीबोर्ड, आणि चित्र बघायचं तर घरचा काळा-पांढरा टीव्ही जोडायचा. सरांच्या मागे लागून दोन्ही मी घरी आणले. माझ्या प्रोजेक्टचा विषय होता, दोन घरांत बसून दोन माणसांनी तारेवरून बुद्धिबळ खेळायचं. इकडे खेळी टाइप केली की तिकडच्या टीव्हीवर दिसली पाहिजे, खाली दोन ओळी गप्पांसाठी. लोक म्हणाले, आजारी माणसासाठी पोरीनं केवढं केलं. खोटं कशाला बोलू, मला दिवसभर घरी बसलेला, बुद्धिबळ येणारा माणूस हवा होता. काका आयते सापडले. खांबावर चढून तार टाकली, गल्लीतले सगळे माना वर करून बघत होते. काकूंनी विचारलं, "करंट तं नाही लागत वं, नंदे?"

पहिल्या दिवशी काका एका बोटानं, एकेक अक्षर शोधत बसले होते. मशिनीत रोमन अक्षरंच होती, त्यातच मराठी लिहायचं. मी आमच्याकडे येऊन टीव्हीसमोर बसले. बराच वेळ काही नाही. मग एकेक अक्षर उमटत गेलं. "पट मांडला गा." मी ते मोठ्यानं वाचलं आणि मागे पाहिलं, तर बाबा दारात उभे होते.

त्या दिवसापासून काका माझ्याशी खेळायला लागले, म्हणजे तसं समजायचं. मला बुद्धिबळ येतं ते सोंगट्या कशा चालतात एवढंच. माझ्या खुर्चीमागे बाबा उभे राहायचे आणि हळूच सांगायचे, "घोडा काढ. हत्ती नको, आता नको." मी टाइप करायची. काकांनी कधी विचारलं नाही की एवढीशी पोर एवढं चांगलं कशी खेळते. पण एकदा बाबांनी घाईघाईत वजीर गमावला, तेव्हा पलीकडून ओळ आली, "पोरी, असा वजीर फेकणारा मी जगात एकच माणूस पाह्यला." बाबा इतके जोरात हसले की आई स्वयंपाकघरातून धावत आली. खूप महिन्यांनी हसले होते. मी म्हटलं, बाबा, तुम्हीच बसा ना खुर्चीवर. ते म्हणाले, "नको. मले टाइप कराले नाही जमत." मला कळलं होतं त्यांना काय जमत नव्हतं.

काकांच्या जिवात जीव आला होता. दिवेलागणीला काकूंकडे दूध घेऊन गेलं की ते आधीच मशीन लावून बसलेले असत. पण मशीन हळू होती. प्रत्येक खेळीनंतर सगळा पट पुन्हा काढायची आणि तो टीव्हीवर वरून खाली, एकेका ओळीनं उतरायचा. तोवर बसा तोंडाकडे बघत. काका लिहायचे, "तुही मशीन लय मठ्ठ आहे वं. एवढ्या वेळात मी दोन ट्रक संत्री विकली असती." थट्टाच होती ती, पण मला झोंबली. माझी मशीन मठ्ठ! शिवाय कॉलेजात परीक्षक बघायला येणार होते. सीताबर्डीवर सुट्या भागांचं एक दुकान होतं. तिथल्या शेटजींना म्हटलं, याच्यातला प्रोसेसर याच्याहून वेगाचा मिळतो असं पुस्तकात वाचलंय, मागवून द्या. त्यांनी मुंबईहून मागवला. दोन सांगितले होते, आला एकच. "दुसरा पंधरा दिवसांत येईल, बेटी." मी पंधरा दिवस थांबायला हवं होतं.

परवा माझी नात म्हणाली, "आजी, गेम मधेच अडकतो गं, प्रोसेसर बदलायला पाहिजे." तिची आई मिहानमधल्या आयटी कंपनीत नोकरीला आहे, तिनं संध्याकाळपर्यंत मागवूनही टाकला. मी नातीला एवढंच विचारलं, तुझ्याबरोबर पलीकडून खेळतं ते कोण असतं? ती म्हणाली, "माहीत नाही, कोणीतरी." बरं आहे. आताच्या मशिनी वेगवेगळ्या वेगाच्या असल्या तरी एकमेकींना सांभाळून घेतात, तेवढं शहाणपण त्यांच्यात कोणीतरी घातलेलं आहे. माझ्या मशिनीत ते घालायचं काम माझं होतं.

रविवारी सकाळी जेवणाच्या पाटावर आमच्या मशिनीची हिरवी पाटी ठेवून मी जुनी चिप काढली. चाळीस पाय, एकही वाकू द्यायचा नाही. नवी बसवली, वेग ठरवणारा क्रिस्टल बदलला, त्याचे दोन टाके मारले. आई मागून ओरडत होती की आम्हाला दुपारच्या बसनं भिवापूरला जायचं आहे, मामाच्या मुलीचं लग्न आहे, आणि पोरगी धूर काढत बसली आहे. बाबा शेजारी उभे राहून बघत होते. "चांगल्या चालत्या मशिनीले हात काहून लावतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बघाच तुम्ही. टीव्ही लावला, खेळी टाकली, आणि पट एकदम समोर! पापणी लवायच्या आत. "बाप्पा!" बाबा म्हणाले. त्यांनी मला ती खेळी चार वेळा परत करायला लावली. पलीकडे चालते का हे बघायला हवं होतं. पण काकांचं त्या दिवशी ड्रेसिंग होतं, ते घरी नव्हते, आणि बसची वेळ झाली होती. निघताना मी बाबांना म्हटलं, आता खेळा तुम्हीच, मस्त पळते. ते म्हणाले, "पाहू." पेपर तपासायचे होते म्हणून ते लग्नाला आले नाहीत.

भिवापूरला चार दिवस राहिलो. अंगणभर लाल मिरची वाळत घातलेली, वऱ्हाडी शिंकून शिंकून बेजार. मी मामांना माझ्या मशिनीच्या वेगाच्या गोष्टी सांगत होते. पाचव्या दिवशी मिरचीचं पोतं घेऊन आम्ही परत आलो आणि गल्लीत शिरताच मला तारेचं टोक दिसलं. नळाच्या चौथऱ्यावर लोंबत होतं. एक बाई त्याला ओला पंचा वाळत घालत होती.

बाबा खिडकीकडे पाठ करून बसले होते. टीव्ही बंद, आणि मशिनीशेजारी अडकित्ता.

"तार कोणी तोडली?"

"म्या."

आईनं पोतं तिथेच खाली ठेवलं. मग हळूहळू, तुकड्यातुकड्यानं बाबांनी सांगितलं. आम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ते पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसले. घरात कोणी नव्हतं म्हणूनच बसता आलं, असं म्हणाले. खेळले नाहीत. लिहिलं. जे बोलायचं होतं ते सगळं, एकेक अक्षर शोधत, दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. आणि मग उत्तराची वाट बघत बसले. उत्तर आलं. नुसती वेडीवाकडी अक्षरं, आकडे, टिंबं, ओळीमागून ओळ. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. "मुठी आपटल्या त्यानं मशिनीवर," बाबा म्हणाले. "माझं वाचलं अन् मुठी आपटल्या. बरोबरच आहे त्याचं. तीन दिवस आपटून राह्यला होता, नंदा. मले पाहवलं नाही."

मला उभ्या जागी कळलं. एक अक्षर तारेतून जायचं म्हणजे आठ वेळा हो-नाही, हो-नाही असं जायचं, आणि प्रत्येक दोहोंच्या मध्ये मशीन मनातल्या मनात एका आकड्यापर्यंत मोजायची. दोन्ही मशिनी सारख्याच वेगानं मोजत होत्या म्हणून एकीचं दुसरीला समजत होतं. लपंडावात एकानं शंभर आकडे भराभर म्हणून टाकावे आणि बाकीच्यांचं लपणं व्हायच्या आत डोळे उघडावे, तसं मी करून ठेवलं होतं. ते मोजणं माझ्याच हातानं लिहिलेलं होतं. वेग वाढवला तेव्हा आकडा बदलायला हवा, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही सुचलं असतं. मला पट किती लवकर दिसतो एवढंच दिसत होतं. बाबांनी लिहिलेलं तिकडे कचरा होऊन गेलं आणि काकांनी लिहिलेलं इकडे कचरा होऊन आलं.

"बाबा, काकांनी मुठी नाही आपटल्या. माझ्यामुळे झालं ते. मशीन बिघडली होती."

"बिघडली?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तूच तं दाखवलं नं, कशी पळते ते. मह्यासमोर चार डाव चालवली." मी कागद घेऊन त्यांना मोजणं समजावायला लागले. गणिताचे मास्तर, त्यांना एका मिनिटात कळायला हवं होतं. त्यांनी कागद बाजूला सारला. "माझी समजूत नको काढू, पोरी," ते म्हणाले. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

दाखवल्याशिवाय पटणार नव्हतं, आणि दाखवायला दुसरी मशीन लागत होती. मी धावत पलीकडे गेले, तर काकांच्या दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, पहाटे तोंडातून रक्त आलं, काकू रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. मी परत येऊन बाबांना म्हटलं, चला. ते लगेच उठले. सदरा घातला, चपला घातल्या. दवाखान्याच्या फाटकापर्यंत माझ्याबरोबर आले आणि तिथल्या निंबाखाली उभे राहिले. "तू जा. मले पाहून त्याचं आणखी रक्त पेटंन." मी हात धरून ओढलं, भांडले, रडले. लोक बघायला लागले. शेवटी एकटी आत गेले. काका झोपेत होते, नाकात नळी. मी त्यांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं, चिप, क्रिस्टल, मोजणं. मूर्खासारखं क्रिस्टलचंसुद्धा सांगितलं. त्यांचा हात चादरीवर निपचित पडला होता. मी बाहेर आले तेव्हा बाबा निंबाखाली नव्हते, पायी घरी निघून गेले होते.

काका घरी आले नाहीत. अकराव्या दिवशी दवाखान्यातच गेले. प्रेत ओसरीत ठेवलं तेव्हा बाबा आमच्या दारात उभे होते. गल्लीतली सगळी माणसं खांद्याला गेली. बाबा सगळ्यात मागे, आणि मध्ये दोन-चार माणसांची जागा सोडून चालत गेले.

तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावलं. मशीन एका फडक्यात नीट बांधून ठेवली होती. "घेऊन जा वं तुही मशीन. तिच्यापायी शेवटचे दिवस बरे गेले यांचे." वर एक वही ठेवली होती, बाजारात भाव टिपायची असते तसली लांबट. काका प्रत्येक डावाच्या खेळ्या तीत टिपत होते. मी तिथेच, ओसरीत, पाढे लिहायची त्याच जागी बसून ती चाळली. पहिल्या दोन डावांवर लिहिलं होतं, "नंदा". तिसऱ्या डावापासून पुढे प्रत्येक पानावर, "मास्तर".

शेवटचं भरलेलं पान वेगळं होतं. त्याच्यावर रोमन अक्षरांचा तो कचरा होता, आकडे, टिंबं, सगळं जसंच्या तसं, एकेक अक्षर टीव्हीवरून उतरवून घेतलेलं. पान भरून गेलं होतं, म्हणजे बाबांनी बरंच लिहिलं होतं. आणि खाली काकांच्या मराठी अक्षरात, बहुधा टाइप करायच्या आधी लिहून पाहिलेलं: "मास्तर, तूच आहे नं? वाचता नाही येत गा. परत लिह." त्याच्याखाली दुसऱ्या दिवशीचं: "परत लिह. मी बसून आहे." आणि त्याच्याखाली, अगदी पुसट: "लिह गा. वाट पाहून राह्यलो."

मी वही घेऊन घरी आले आणि बाबांच्या हातात दिली. ती लपवावी असं मनात आलं नाही असं नाही. वीस पावलांत दोनदा आलं. बाबांनी चष्मा लावला आणि वाचलं. एकदा वाचलं, मग बोट ठेवून परत वाचलं, पोरांची उत्तरं तपासतात तसं. मग उठले, चपला न घालता, वही तशीच उघडी धरून गल्ली ओलांडली. मी मागे मागे गेले. काकू डाळीचं पाणी गाळायचं फडकं धुऊन दोरीवर टाकत होत्या, आता ते कशाला लागणार होतं कोण जाणे. बाबा काकांच्या रिकाम्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले.

"वहिनी," ते म्हणाले. आणि मग सगळं म्हणाले. पहिली चिमूट मी दिली. तो नाही म्हणत होता. तीनदा नाही म्हणाला, चौथ्यांदा त्याच्या हातात ठेवली. त्याचा आवाज गेला तो माझ्यापायी, आणि तोंड दाखवायला मी आलो नाही तेही माझ्यापायी. मला तीन वेळा आठवतं, त्यांना चार आठवत होतं. रडत नव्हते. शाळेत धडा म्हणून दाखवावा तसं, न अडखळता म्हणाले. त्या दिवशी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत टाइप केलेलं सगळं हेच असणार.

काकूंनी फडकं नीट पसरलं, सुरकुती काढली. वळल्या आणि बाबांकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, मी नीट ऐकलं आहे, नव्हता.

"हे मले काहून सांगून राहिले, मास्तर?" त्या म्हणाल्या. "मले नव्हतं ऐकाचं. त्याईले ऐकाचं होतं."

बाबांनी वही मिटली नाही. मांडीवर उघडी ठेवून ते दिवेलागणीपर्यंत त्या खुर्चीसमोर बसून राहिले, आणि आम्ही दोघींनीही त्यांना उठा म्हटलं नाही.